कॅथॉलिक मुलांच्या शाळा : लष्करी छावणीतून शहराच्या मध्यवस्तीपर्यंत

‘कॅथॉलिक मुलांची शाळा’ या शब्दप्रयोगाचे मराठीत दोन अर्थ होतात. कॅथॉलिक कुटुंबांतील मुलांसाठी काढलेली शाळा हा एक अर्थ, आणि कॅथॉलिक धर्मसंस्थेने चालविलेली पण कोणत्याही धर्माच्या मुलांना प्रवेश देणारी शाळा हा दुसरा. पुण्याच्या लष्कर भागात १८६७ साली सुरू झालेले सेंट व्हिन्सेंट्स हायस्कूल आणि मुंबईत धोबीतलावावर १८६९ साली उभे राहिलेले सेंट झेवियर्स हायस्कूल यांचा आरंभ मुख्यतः पहिल्या अर्थाने झाला. त्यांना कीर्ती मिळाली ती दुसऱ्या अर्थाने. हा बदल एका दिवसात झाला नाही आणि तो कोणी ठरवूनही केला नाही. स्थलांतर, महायुद्ध, भाषेचे राजकारण आणि राज्यघटनेतील अल्पसंख्याकांचे हक्क अशा अनेक कारणांनी तो घडत गेला.

सोलापूर जिल्हा कॅथॉलिक धर्मसंस्थेच्या रचनेत पुणे धर्मप्रांतात मोडतो. या धर्मप्रांताची स्थापना १८८६ मध्ये झाली आणि येशूसंघाचे, म्हणजेच जेझुइट संघाचे बर्नार्ड बायडरलिंडेन हे त्याचे पहिले बिशप झाले. सोलापुरात ‘मिशनची शाळा’ म्हटले की जुन्या पिढीला प्रथम अमेरिकन मराठी मिशन आठवते. ते मिशन प्रॉटेस्टंट पंथाचे होते. त्याचे कार्य १८३१ पासून अहमदनगर येथे आणि नंतर सोलापूर परिसरात विस्तारले, आणि त्याच्या शाळांचा पाया मराठीवर उभा होता. कॅथॉलिक शाळांची वाट निराळी होती. ही वाट निराळी का झाली, याचे उत्तर त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये सापडते.

छावणीतील मुले

पुण्यातील कॅथॉलिक वस्तीचा इतिहास इंग्रजी राजवटीहून जुना आहे. पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज व गोव्याकडील कॅथॉलिक सैनिक आणि अधिकारी होते. त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात १७९२ साली नाना पेठेत जागा देण्यात आली आणि तेथे आजचे ‘सिटी चर्च’ उभे राहिले. पेशवाईच्या अस्तानंतर पुण्यास इंग्रजांची मोठी छावणी पडली. इंग्रज म्हटले तरी त्या पलटणींतील कितीतरी शिपाई आयरिश होते आणि आयरिश शिपाई बहुधा कॅथॉलिक असत. त्यांच्यासाठी १८५० मध्ये सेंट पॅट्रिक यांच्या नावाचे चर्च बांधण्यात आले. हेच पुढे धर्मप्रांताचे मुख्य चर्च, म्हणजे कॅथेड्रल झाले.

या शिपायांच्या मुलांचा प्रश्न बिकट होता. पलटण कधी हलेल याचा नेम नसे. पटकी आणि हिवताप यांमुळे आईबाप दगावत आणि मुले उघड्यावर पडत. सरकारी आश्रयाखालील शाळा अँग्लिकन वळणाच्या असल्याने तेथे मुले आपल्या पंथापासून दुरावतील, अशी भीती कॅथॉलिक धर्मगुरूंना वाटे. म्हणून पश्चिम भारतातील कॅथॉलिक शाळांच्या आरंभी अनाथालय आणि शाळा ही जोडी वारंवार दिसते. बेळगावच्या छावणीतील सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ पासूनचे आहे. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस या शाळेचे मूळ १८६३ मधील अनाथ मुलांच्या संस्थेत आहे. पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स त्यानंतर चार वर्षांनी निघाली. छावण्यांच्या पाठोपाठ रेल्वे आली. १८६० च्या सुमारास लोहमार्ग सोलापुरास पोहोचला, तेव्हा रेल्वेच्या नोकरीतील गोवेकर आणि अँग्लो-इंडियन कुटुंबेही या मार्गावरील गावांतून वसू लागली. त्यांची घरची भाषा इंग्रजी, कोकणी किंवा पोर्तुगीज मिश्रित असे. मराठी ही बाजारहाटाची भाषा होती.

साहजिकच या शाळांचे माध्यम इंग्रजी ठरले. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांना मराठी बोलणाऱ्या समाजात नव्याने शिरायचे होते, म्हणून त्यांनी मराठी आत्मसात केली, तीत छापखाने काढले आणि पाठ्यपुस्तके लिहिली. कॅथॉलिक धर्मगुरूंपुढे प्रथम आपल्याच विखुरलेल्या कळपाला सांभाळण्याचे काम होते. इंग्रजी माध्यमाची निवड ही त्यांच्या दृष्टीने सोय होती. पुढे तीच या शाळांची सर्वांत मोठी बाजारपेठी ताकद ठरेल, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानी आले असण्याचा संभव नाही.

येथे एक विसंगती नोंदवावयास हवी. ज्या येशूसंघाने एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शाळा काढल्या, त्याच संघाचा एक सदस्य मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानाने उभा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१६ मध्ये त्याचे ‘क्रिस्तपुराण’ हे मराठी ओवीबद्ध काव्य रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. गोव्यातील सेंट पॉल्स कॉलेजात १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना सुरू झाला होता. मात्र ही परंपरा अखंड राहिली नाही. पोर्तुगालने १७५९ मध्ये आपल्या सत्तेखालील प्रदेशांतून येशूसंघाला हाकलले, १७७३ मध्ये पोपनेच संघ बरखास्त केला आणि १८१४ मध्ये तो पुन्हा अस्तित्वात आला. मुंबई-पुण्याकडे १८५४ पासून येऊ लागलेले येशूसंघीय हे नव्या पिढीचे, नव्या देशांतले लोक होते. स्टीफन्सचा वारसा त्यांच्यापर्यंत नावापुरताच पोहोचला.

जर्मन धर्मगुरू मुंबई इलाख्यात कसे आले

मुंबईच्या कॅथॉलिक मिशनची व्यवस्था १८५४ मध्ये कार्मेलाइट संघाकडून काढून घेण्यात आली. मुंबईचा भाग कॅपुचिन संघाकडे आणि पुण्याचा भाग येशूसंघाकडे गेला. १८५८ मध्ये कॅपुचिनांनी माघार घेतल्यावर दोन्ही भाग येशूसंघाकडे आले. पाठविलेले धर्मगुरू बहुतांश जर्मन भाषक होते. इंग्रजांच्या राज्यात, आयरिश शिपायांच्या मुलांना, जर्मन शिक्षकांनी इंग्रजीतून शिकवावे असा हा योग होता.

जर्मनीतील घडामोडींनी या मनुष्यबळात भरच पडली. बिस्मार्कच्या राजवटीत राज्यसंस्था आणि कॅथॉलिक चर्च यांच्यातील संघर्ष विकोपाला गेला आणि १८७२ च्या कायद्याने येशूसंघाला जर्मन साम्राज्यातून बाहेर पडावे लागले. मायदेशी शाळा चालविण्याचा मार्ग बंद झालेले सुशिक्षित, शास्त्रांत पारंगत धर्मगुरू परदेशी मिशनांना मोठ्या संख्येने उपलब्ध झाले. मुंबईच्या सेंट झेवियर्स संस्थेची झपाट्याने झालेली वाढ या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. शाळेतून मॅट्रिक झालेल्या अवघ्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन १८६९ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेज सुरू झाले.

या शिक्षकांनी सोबत आणलेली शिक्षणपद्धती फार जुनी होती. येशूसंघाचे पहिले महाविद्यालय १५४८ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे निघाले आणि पन्नास वर्षांच्या अनुभवानंतर १५९९ मध्ये ‘रात्सियो स्तुदियोरुम’ हा अध्ययनाचा नियमग्रंथ सिद्ध झाला. कोणत्या वर्गात काय शिकवावे, उजळणी केव्हा करावी, शिक्षकांवर देखरेख कोणी करावी, नाट्यप्रयोग आणि वादविवाद कसे व्हावेत हे सारे त्यात ठरवून दिलेले होते. विद्यार्थ्यांत ईर्ष्या निर्माण करण्यासाठी वर्गाचे रोमन आणि कार्थेजियन असे दोन तट पाडण्याची चाल युरोपातील येशूसंघीय शाळांत होती. भारतात या पद्धतीवर इंग्लंडमधील पब्लिक स्कूलचे कलम झाले. त्यातून ‘हाऊस’, ‘प्रीफेक्ट’, ‘कॅप्टन’ ही रचना आली. खेळाचे मैदान हे चारित्र्य घडविण्याचे ठिकाण मानले जाऊ लागले. एकाच शाळेत रोमची उजळणी आणि ईटनचे मैदान नांदू लागले, आणि पुढील शंभर वर्षे ‘कॉन्व्हेंट’ या ढोबळ नावाखाली मराठी पालकांनी ज्या शिस्तीचे कौतुक केले, ती या मिश्रणातून आली होती.

महायुद्धाचा तडाखा

ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात युद्ध सुरू झाले आणि मुंबई-पुण्याच्या या शाळांचे चालक एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. वृत्तपत्रांतून त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेणारा मजकूर प्रसिद्ध होऊ लागला. मुंबईच्या ‘एक्झामिनर’ या कॅथॉलिक साप्ताहिकाचे संपादक, इंग्रज येशूसंघीय अर्नेस्ट हल यांनी आपल्या जर्मन सहकाऱ्यांची बाजू मांडणारी पुस्तिका १९१५ मध्ये लिहिली. सरकारवर त्याचा परिणाम झाला नाही. टप्प्याटप्प्याने जर्मन धर्मगुरूंना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले आणि १९१५-१६ मध्ये ‘गोलकोंडा’ या जहाजाच्या फेऱ्यांतून जर्मन व ऑस्ट्रियन मिशनऱ्यांना युरोपास परत पाठविण्यात आले.

अर्ध्या शतकात उभारलेले मनुष्यबळ असे दोन वर्षांत नाहीसे झाले. जागा भरण्यासाठी इतर देशांतील आणि भारतातील अन्य मिशनांतील येशूसंघीय धावून आले. इंग्लंडहून आलेल्यांपैकी अल्बन गुडियर यांना १९१९ मध्ये मुंबईचे आर्चबिशप करण्यात आले. युद्धानंतर मुंबई मिशनचा भार स्पॅनिश येशूसंघीयांवर सोपविण्यात आला. इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास हे या स्पॅनिश तुकडीबरोबर १९२२ मध्ये मुंबईस आले. पुण्याचे जर्मन बिशप हाइनरिख डोअरिंग यांची १९२१ मध्ये जपानात हिरोशिमा येथे नेमणूक झाली आणि १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्यास परतले. या सर्व उलथापालथीत शाळा बंद पडल्या नाहीत, याचे श्रेय इतिहास लिहिताना सहसा पाहुण्या धर्मगुरूंना दिले जाते. वर्गांवर रोज उभे राहणाऱ्या देशी शिक्षकांचा त्यात किती वाटा होता, याची नोंद मात्र स्मरणिकांतून अभावानेच आढळते. ज्यांचे छायाचित्र सभागृहात लागत नाही, त्यांनी शाळा चालविल्याची उदाहरणे केवळ कॅथॉलिक शाळांतच आहेत असे नाही.

पुणे मिशनमध्ये पुढे स्विस येशूसंघीयांचा सहभाग मोठा राहिला. यामागेही एक राजकीय कारण आहे आणि ते फारसे परिचित नाही. स्वित्झर्लंडच्या १८७४ च्या राज्यघटनेतील कलम ५१ नुसार येशूसंघाच्या सदस्यांना त्या देशातील चर्च आणि शाळा यांत कोणतेही कार्य करण्यास मनाई होती. ही बंदी २० मे १९७३ च्या सार्वमताने उठली. म्हणजे पुण्यात पाषाण रस्त्यावर १९६१ मध्ये लोयोला हायस्कूल काढणारे स्विस धर्मगुरू फादर रुडॉल्फ शोख यांना स्वतःच्या मायदेशी त्या वेळी अशी शाळा कायदेशीररीत्या चालविता आली नसती. बिस्मार्कच्या जर्मनीतून आलेल्यांची कथा आणि ही कथा एकाच सूत्रात बसते. युरोपने नाकारलेले शिक्षक दख्खनच्या मुलांच्या वाट्याला आले.

हजेरीपटावरील नावे

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या शाळांचे हजेरीपट पार बदलले होते. माझगावच्या सेंट मेरीज शाळेत संगीतकार झुबिन मेहता शिकले. माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेत अभिनेते शशी कपूर आणि यष्टिरक्षक फारुख इंजिनिअर हे वर्गमित्र होते. त्याच शाळेच्या संघाने रवी शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली १९७७ मध्ये प्रथमच गाइल्स शील्ड जिंकली. (डॉन बॉस्को ही सालेशियन संघाची शाळा आहे. तर्क, धर्म आणि प्रेमळपणा या तीन गोष्टींवर भर देणारी तिच्या संस्थापक संताची पद्धत येशूसंघाच्या पद्धतीहून वेगळी आहे. पण पालकांनी हा भेद फारसा केला नाही.) सेंट झेवियर्स हायस्कूलचे सुनील गावस्कर १९६६ मध्ये देशातील सर्वोत्कृष्ट शालेय क्रिकेटपटू ठरले. पारशी, पंजाबी हिंदू, मंगळुरी, मराठी अशी ही नावे आहेत. कॅथॉलिक विद्यार्थी संख्येने अनेक ठिकाणी अल्प उरले, तरी शाळेचे नाव संताचेच राहिले.

क्रिकेटच्या इतिहासात सेंट झेवियर्सची नोंद एका पराभवामुळेही झालेली आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, ती सेंट झेवियर्सच्या गोलंदाजीवर. तेंडुलकर ३२६ आणि कांबळी ३४९ धावांवर नाबाद राहिले. त्या दिवशी गोलंदाजी करणाऱ्या मुलांपैकी साईराज बहुतुले पुढे भारताकडून कसोटी खेळला, ही गोष्ट विक्रमाच्या गजरात मागे पडते. हा विक्रम २००६ मध्ये हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी मोडला.

क्रिकेटखेरीज हॉकी हा वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉसचा अभिमानाचा विषय आहे. भारतीय संघाचे कर्णधार राहिलेले वीरेन रास्किन्हा हे त्या शाळेचे विद्यार्थी. बेळगावच्या सेंट पॉल्सचे नाते फुटबॉलशी जुळले आणि तेथे माजी विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने भरणारी आंतरशालेय फुटबॉल स्पर्धा शहराच्या क्रीडाजीवनाचा भाग झाली.

दैनंदिन परंपरांत मात्र दोन अर्थांची ओढाताण अधिक स्पष्ट दिसते. वहीच्या पहिल्या पानावर ‘ए. एम. डी. जी.’ ही अक्षरे लिहिण्याची येशूसंघीय शाळांतील रीत जुनी आहे. ‘देवाच्या अधिक गौरवासाठी’ या अर्थाच्या लॅटिन वचनाची ती आद्याक्षरे होत. अर्थ न कळताही कित्येक पिढ्यांनी ती गिरवली. संत इग्नेशियस यांचा ३१ जुलै आणि संत फ्रान्सिस झेवियर यांचा ३ डिसेंबर हे सणदिवस पाळले जातात. धर्मशिक्षणाच्या तासाला वर्ग दुभंगतो. कॅथॉलिक मुले धर्मबोधासाठी एका खोलीत जातात आणि उरलेली ‘मॉरल सायन्स’साठी दुसऱ्या खोलीत बसतात. वरवर किरकोळ वाटणारी ही व्यवस्था महत्त्वाची आहे. मुलांना एकत्र बसवून सर्वांना ख्रिस्ती धर्म शिकवावा, की धर्म हा विषयच वगळावा, या दोन टोकांमधील ती तडजोड होती. बिगर ख्रिस्ती पालकांचा या शाळांवर दीर्घकाळ जो विश्वास बसला, त्याला इंग्रजीइतकीच ही तडजोडही कारणीभूत आहे.

शाळेची छापील डायरी, जिला अनेक शाळांत ‘कॅलेंडर’ म्हणत, तीत शेरे लिहिण्याची पाने असत आणि लाल शाईचा शेरा घरी सही करून आणावा लागे. शिक्षा म्हणून एकच वाक्य शंभर वेळा लिहिण्याची प्रथा होती. छडीचाही वापर होत असे आणि जुने विद्यार्थी त्याविषयी आज हसतखेळत बोलतात. सर्वांनाच ते हसण्याजोगे वाटत नसावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला सर्वत्र बंदी घातली. मुलांच्या शाळा म्हणून चालत आलेल्यांपैकी काहींनी अलीकडे मुलींनाही प्रवेश देण्यास आरंभ केला आहे.

इंग्रजी कोणासाठी

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात शिक्षणाच्या माध्यमाचा प्रश्न तीव्र झाला. ६ जानेवारी १९५४ रोजी राज्य सरकारने परिपत्रक काढून अँग्लो-इंडियन किंवा बिगर आशियाई वंशाच्या मुलांखेरीज इतरांना इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत प्रवेश देण्यास मनाई केली. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या चालकांनी आणि पालकांनी त्याला आव्हान दिले. बार्न्स ही अँग्लिकन परंपरेची शाळा होती. पण निकालावर राज्यातील सर्वच ख्रिस्ती इंग्रजी शाळांचे भवितव्य अवलंबून होते. परिपत्रक टिकले असते, तर या शाळांना बहुसंख्य नव्या विद्यार्थ्यांना दार बंद करावे लागले असते आणि ‘कॅथॉलिक मुलांची शाळा’ या शब्दांचा पहिला, संकुचित अर्थ सरकारी हुकमाने परत आला असता. २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परिपत्रक घटनाबाह्य ठरविले. केवळ भाषेच्या कारणावरून एखाद्या नागरिकाला सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही, असा त्याचा आशय होता.

या निकालाने शाळा वाचल्या. प्रश्न मिटला नाही. मराठी माणसाच्या मनात या शाळांविषयी आदर आणि अढी या दोन्ही भावना एकत्र वसतात, त्याचे कारण भाषेत आहे. या शाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलाला इंग्रजी उत्तम येई आणि मराठी वाचताना तो अडखळे, ही तक्रार निराधार नव्हती. सोलापूरसारख्या शहरात परिस्थिती आणखी गुंतागुंतीची आहे. गिरण्यांच्या आणि हातमागांच्या या नगरीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली. अशा ठिकाणी इंग्रजी माध्यम हे प्रतिष्ठेचे चिन्ह असते, तसेच घरच्या भाषांपैकी कोणा एकीला झुकते माप न देणारी तटस्थ जागाही असते. राज्य शासनाने २०२० मध्ये कायदा करून सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी विषय सक्तीचा केला. ज्या मिशनरी शाळा राज्य मंडळाशी संलग्न आहेत, त्यांत मराठी पूर्वीपासून शिकविली जात होती. तरीही घंटेच्या तासापलीकडे ती किती वापरली जाते हा प्रश्न वेगळा.

इंग्रजीच्या या चर्चेत कॅथॉलिक समाजातीलच एक दुरावा दुर्लक्षित राहतो. पुणे धर्मप्रांताच्या जुन्या विस्तारात, विशेषतः अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दलित समाजातील अनेक कुटुंबे कॅथॉलिक झाली. त्यांच्या मुलांसाठी निघाल्या त्या मराठी माध्यमाच्या गावशाळा आणि वसतिगृहे. संगमनेरचे ज्ञानमाता विद्यालय हे याच परंपरेतले. छावणीतील आयरिश शिपायाच्या मुलासाठी काढलेली शाळा शहरी उच्चभ्रूंची झाली आणि शेतमजुराच्या कॅथॉलिक मुलाला मात्र त्या शाळेचे फाटक दुरूनच पाहावे लागले. धर्मगुरू एकाच संघाचे, प्रार्थना एकच. पण माध्यम आणि संधी निराळी.

येशूसंघात याची जाणीव नव्हती असे नाही. संघाचे जागतिक प्रमुख पेद्रो आरुपे यांनी ३१ जुलै १९७३ रोजी स्पेनमधील वॅलेन्सिया येथे माजी विद्यार्थ्यांसमोर भाषण करताना, आपल्या शाळांनी ‘इतरांसाठी जगणारी माणसे’ घडविली पाहिजेत असे प्रतिपादन केले आणि सामाजिक न्यायाचे शिक्षण आपण दिले काय, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नकारार्थी असल्याचे सुचविले. प्रतिष्ठित कुटुंबांतील माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना ते रुचले नाही. पुणे परिसरात या विचाराला निराळी फळे आली. स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगर जिल्ह्यातील दुष्काळी गावांत पाणलोट विकासाचे काम उभे केले आणि १९९३ मध्ये ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ या संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. जर्मन येशूसंघीय मॅथ्यू लेडर्ले यांनी पुण्यात ‘स्नेहसदन’ काढून मराठी विचारविश्वाशी संवाद साधला. फ्रेंच येशूसंघीय गी देलरी यांचा विठ्ठल संप्रदायावरील अभ्यासग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६० मध्ये प्रसिद्ध केला. पंढरपूरच्या वारीची ओळख युरोपातील वाचकांना करून देणाऱ्यांत त्यांचे नाव घ्यावे लागते. स्टीफन्सनंतर तुटलेला मराठीचा धागा असा पुन्हा हाती आला, परंतु तो शाळेच्या आवाराबाहेर. वर्गखोलीत इंग्रजीच राहिली.

हक्क आणि हजेरी

राज्यघटनेच्या कलम ३० नुसार धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालविण्याचा हक्क आहे. त्याची व्याप्ती ठरविणाऱ्या महत्त्वाच्या निकालांपैकी १९७४ चा निकाल अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या, म्हणजे येशूसंघाच्याच खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने दिला. व्यवस्थापनात सरकारी हस्तक्षेपाला त्याने मर्यादा घातली. मुख्याध्यापक नेमणे, शिक्षक निवडणे, काही जागा समाजातील मुलांसाठी राखून ठेवणे या बाबींत कॅथॉलिक शाळांना जे स्वातंत्र्य आहे, ते या परंपरेतून आले आहे.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखून ठेवण्याची तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना आणि ६ मे २०१४ रोजी ‘प्रमती’ खटल्याच्या निकालाने अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही या कायद्यातून वगळले. त्यावर आक्षेप घेणारे विचारतात की, ज्या शाळेत अल्पसंख्याक समाजाची मुले थोडी आणि सधन बहुसंख्याक समाजाची मुले अधिक आहेत, तिने गरिबांसाठीच्या जागा नाकारण्याकरिता अल्पसंख्याक दर्जा पुढे करावा काय. शाळाचालकांचे उत्तर असे की, हक्क संस्था चालविण्याचा आहे, तो हजेरीपटावरील टक्केवारीवर मोजता येत नाही. शिवाय गरीब कॅथॉलिक मुलांना सवलतीत शिकविण्याचे काम या शाळा कायदा नसतानाही करीत आल्या आहेत. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कायद्याचे संरक्षण या शाळांना पहिल्या अर्थाने मिळते आणि वर्ग मात्र दुसऱ्या अर्थाने भरतात, हे या वादाचे मूळ आहे.

१ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातील एका शिक्षणसंस्थेच्या प्रकरणासह शिक्षक पात्रता परीक्षेविषयीच्या याचिकांवर निकाल देताना, सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने ‘प्रमती’ निकालाच्या योग्यतेबद्दल शंका व्यक्त केली आणि हा प्रश्न मोठ्या पीठापुढे ठेवण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठविला.